हॉलंडमध्ये माणूस हरवत नाही

हॉलंडमध्ये माणूस हरवत नाही. हे वाक्य मी माझ्या घरमालकाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे, की भिंतीवर कोरून ठेवावं. तो ते म्हणायचा तेव्हा बहुधा मेलबर्नच्या कडेला ट्रुगानिनातल्या आपल्या घराच्या दारात उभा असायचा आणि त्याचं जेवण घेऊन आलेला डिलिव्हरीवाला तिसऱ्यांदा समोरून निघून जात असायचा.

इथे मी त्याला एकेरीत लिहिते आहे. तो माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा होता, पण काका म्हटलं की भडकायचा. सर म्हटलं की जास्त भडकायचा. "हॉलंडमध्ये कंपनीचा डायरेक्टर आणि झाडूवाला एकमेकांना नावाने हाक मारतात," तो म्हणायचा. मला त्याला नावाने हाक मारणं जमेना, म्हणून त्याच्याच घरात भाड्याने राहूनही मी त्याला कसलीच हाक मारली नाही. बाहेर सगळी वस्ती त्याला हॉलंड म्हणायची. "हॉलंड आला बघ," असं म्हणून लोक गॅरेजचं दार खाली करायचे.

तो मूळचा पुण्याचा इंजिनीयर. कंपनीने चार वर्षं हॉलंडला पाठवलं होतं. त्यानंतर तो मेलबर्नमध्ये वीस वर्षं राहिला, पण मुक्काम त्या चार वर्षांतच होता. ट्रुगानिनात घर त्याने शाळा, दुकान, स्टेशन यांपैकी काहीही बघून घेतलं नव्हतं. नकाशावर ही जमीन मेलबर्नभर सगळ्यात सपाट दिसली म्हणून घेतलं. सपाट ती आहेच. झाड नाही, टेकडी नाही, आणि वारा असा की कचऱ्याचे डबे आपल्या चाकांवर शेजाऱ्यांकडे जाऊन येतात. पावसाचं पाणी साठवायला बिल्डरने एक खड्डा खणलेला आहे. हॉलंड त्याला कालवा म्हणायचा. कालव्यात दोन बदकं होती आणि एक शॉपिंग ट्रॉली.

त्याची सायकल काळी, उंच, तिकडच्या आजीबाईंच्या पाठीसारखी ताठ. ती त्याने जहाजाने आणवली होती. ब्रेक हँडलला नव्हताच, पॅडल उलटं मारलं की लागायचा. या देशात सायकलवर हेल्मेट सक्तीचं आहे, हा त्याला वैयक्तिक अपमान वाटायचा. तो हेल्मेट हँडलला अडकवून जायचा. पोलिसांनी पकडलं की म्हणायचा, "कायद्यात हेल्मेट हवं असं आहे. हे काय, आहे." पोलिसांना हा युक्तिवाद कधीच पटला नाही. त्याने तो कधीच सोडला नाही.

चिडण्याचे त्याचे विषय ठरलेले होते. हेल्मेट. माळरानाच्या तोंडाशी अचानक संपणारे फुटपाथ. सायकलवाल्याच्या कोपराला घासून जाणारे यूटवाले, म्हणजे छोट्या उघड्या ट्रकवाले. आणि रस्त्यांची नावं. आमच्या वस्तीत रस्त्यांना पक्ष्यांची नावं आहेत. "आधी पक्षी हाकलायचे, मग त्यांच्या नावाच्या पाट्या लावायच्या," तो म्हणायचा. "ही काय श्रद्धांजली आहे?" यातलं एकही वाक्य चुकीचं नसायचं. त्यामुळे ऐकणाऱ्याला फार त्रास व्हायचा.

फक्त एका विषयावर तो न चिडता बोलायचा. रविवारी सकाळी, टोस्टवर चीज ठेवून, तो तिकडच्या खेड्यांमधून पुन्हा एकदा सायकल चालवायचा. नदीच्या बांधावरून वाट जाते. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला पाण्याच्याही खाली असलेली कुरणं, गाई वरून बघितल्यासारख्या दिसतात. नदीला पूल नसतो, काठावर घंटा असते. वाजवली की पलीकडचा नावाडी कॉफी संपवून येतो. शेताच्या फाटकाशी अंडी ठेवलेली असतात, विकणारा नसतो. पुढच्या गावाच्या चर्चचा मनोरा दिसत राहतो आणि किती चालवलं तरी जवळ येत नाही, आणि त्याचं काही वाईट वाटत नाही. पायी जायचं तर फाटक उघडून सरळ शेतातून जायचं, फाटक मागे लावून घ्यायचं, एवढीच अट. हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा. पाय टेबलाखाली हळूहळू फिरत असायचे.

आणि नंबर. तिकडे प्रत्येक फाट्यावर एक खांब असतो, त्यावर वर्तुळात एक नंबर आणि पुढच्या नंबरांकडे बाण. सकाळी निघताना चार-पाच नंबर कागदावर लिहायचे, कागद हँडलला लावायचा आणि निघायचं. नकाशा नको, फोन नको, कुणाला थांबवायला नको. "रस्ता विचारावा लागणं म्हणजे व्यवस्था नापास होणं," हे त्याचं दुसरं आवडतं वाक्य. लोक स्तोत्र म्हणतात तसा तो नंबर म्हणायचा. त्रेपन्न, अठरा, एकसष्ट, सात. सातला पॅनकेक मिळायचे.

महामारी आली तेव्हा माझे बाबा माझ्याकडे आलेले होते. तीन महिन्यांसाठी. फलटणला पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला माणूस, आई गेल्यापासून एकटा. रोज पहाटे कॅनॉलपर्यंत चालत जायचं, येताना चारजणांशी वाद घालायचा, हा त्यांचा दिवस. मग विमानं बंद झाली. देशाने दार लावून घेतलं, आणि आत कोण पाहुणा राहिलाय ते बघायची कुणाला गरज वाटली नाही. मला तेव्हाही राग आला होता. अजून आहे.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये व्यायामाला बाहेर पडायची परवानगी होती. बाबा एका सकाळी फिरायला बाहेर पडले. आमच्या वस्तीत प्रत्येक घर करड्या रंगाचं, प्रत्येकाच्या तोंडावर गॅरेजचं दार, प्रत्येकापुढे हिरवळीचा एक रुमाल. बाबांनी तासाभराने आमचं समजून दुसऱ्याच घराच्या कुलपात किल्ली घातली. आतली बाई किंचाळली. बाबांना इंग्रजी येतं, पण ते सरकारी पत्रातलं. त्या वेळी उपयोगी पडलं नाही. ते घरी पोलिसांच्या गाडीतून आले.

पोलीस चांगले वागले. शेजारी खिडक्यांमधून चांगले बघत राहिले. बाबा दुसऱ्या दिवशी बाहेर पडले नाहीत. नंतर पडलेच नाहीत. खोलीत खुर्ची खिडकीकडे करून बसायचे. चहा घेणार का म्हटलं की मान हलवायचे. आठवडाभरात शब्द संपले. सहाशे लोकांच्या गावाला पाणी का येत नाही यावर दोन तास बोलू शकणारा माझा बाप हो-नाहीवर आला. मी लॅबमध्ये दिवसभर स्वॅबच्या नळ्यांना लेबलं लावायची आणि घरी येऊन त्यांच्या पाठीकडे बघायची. असंच चाललं तर फलटणला परत जाणारा माणूस वेगळाच असेल, हे मला दिसत होतं.

हॉलंडला हे सांगितलं तेव्हा त्याने हातातला कप आपटला आणि तडक बाबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. समतेच्या एवढ्या गप्पा मारणारा माणूस, पण बाबांना तू म्हणणं त्याला कधी जमलं नाही.

"तुमची चूक नाही," तो ओरडला. "ज्याने ही वस्ती आखली त्याला आत टाकायला पाहिजे."

बाबांनी मान वळवली. पोलिसांच्या गाडीनंतर सगळ्यांनी त्यांना काळजी घ्या, फोन ठेवा, पाटी वाचा असं सांगितलं होतं. चूक दुसऱ्याची आहे असं म्हणणारा हा पहिलाच.

मग गॅरेजमधून करवतीचा आवाज सुरू झाला. आइस्क्रीमच्या डब्यांची झाकणं गोल कापून, लाकडी खुंटांना ठोकून, त्यावर हिरव्या रंगाने नंबर आणि बाण काढून हॉलंडने वस्तीच्या फाट्याफाट्यावर खांब रोवले. कुणालाही न विचारता. आमच्या कोपऱ्यावर सेहेचाळीस, पुढे बारा, मग एकाहत्तर, कालव्याकाठी नऊ, आणि परत सेहेचाळीस.

बाबा पहिल्यांदा बोलले ते याच्यावर. "एक, दोन, तीन, चार का नाही?"

"मग माणूस मोजत बसतो. फिरत नाही."

"हे काही बरोबर नाही. आमच्या खात्यात व्हॉल्व्हला ओळीने नंबर असत."

"आणि पाणी येत असे?"

बाबांनी तळहातावर पेनाने नंबर लिहिले आणि चपला घातल्या.

ते परत आले. रोज परत यायला लागले. आठवड्याने कॅनॉलइतकं अंतर होत नाही म्हणून कुरकुरले, तेव्हा हॉलंडने आणखी खांब रोवले. वस्तीत असे अडकलेले आई-वडील घरोघरी होते. तेही नंबरांवर चालायला लागले. एकमेकांना लांबूनच ओरडून सांगायचे, आज बारा-एकाहत्तर करून आलो. इथे बारा वर्षं काढून मी कुणा शेजाऱ्याला ओळखत नव्हते, बाबा सगळ्यांना नंबराने ओळखायला लागले.

जूनमध्ये वटपौर्णिमा आली. वस्तीत वड नाही, हे सांगायला नकोच. पण नऊ नंबरशी एक काटकुळं युकॅलिप्टस होतं. तिथे राहणाऱ्या जळगावच्या एका आजींनी त्यालाच फेरे घातले, आणि खोड बारीक म्हणून दोरा सोबत खांबालाही गुंडाळला. खांबाला हळदकुंकू लागलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पणती ठेवली. रविवारपर्यंत नारळ आला.

हॉलंड सायकलवरून उतरला तेव्हा मी आणि बाबा तिथेच होतो.

"हे काय आहे? हा दिशा दाखवायचा खांब आहे. देव नाही."

"देव तरी दुसरं काय करतो?" आजी म्हणाल्या.

"आजी, सायकलवाल्यांना नंबर दिसायला हवा. कुंकवाने नऊचा आठ झालाय."

"सायकलवाले तुम्ही एकटेच आहात. तुम्हाला माहितीये तो नऊ आहे."

"हॉलंडमध्ये..."

"आमचे हे जळगावला आहेत," आजी म्हणाल्या. "वड पण तिकडेच आहे. मी इकडे. तुमच्या हॉलंडमध्ये याला काय करतात, सांगा बरं."

हॉलंड तावातावाने नारळ उचलून निघाला. रात्री त्याने त्या नारळाची चटणी केली आणि ती खाताना आजींना नावं ठेवली.

आमच्या वस्तीला एक रहिवासी संघ आहे आणि संघाला अध्यक्ष. तेही पुण्याचेच, प्रोजेक्ट मॅनेजर. घरी बसून काम करतानाही गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घालत. वस्तीच्या ग्रुपवर त्यांचे संदेश "प्रिय रहिवासी मित्रहो" पासून सुरू होत आणि शेवटी त्यांचं नाव, हुद्दा आणि दोन जोडलेले हात असत. दरवर्षी गणपतीला ते अर्धा रस्ता अडवून मांडव घालतात. त्यांनी नऊ नंबरचा फोटो काढला आणि सार्वजनिक जागेवर विनापरवाना धार्मिक बांधकाम झालं आहे, अशी नगरपालिकेकडे तक्रार केली.

ऑगस्टमध्ये, जेव्हा पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती आणि बाहेर फक्त एक तास, तेव्हा एका सकाळी एक ट्रक आला आणि सगळे खांब उपटून घेऊन गेला. संघाला त्याची सूचना आधी मिळाली होती. ग्रुपवर टाकायची राहून गेली.

त्याच सकाळी बाबा तळहातावर नंबर लिहून बाहेर पडले. मी लॅबमध्ये, फोन लॉकरमध्ये. बाबांना सेहेचाळीस मिळाला, कारण ट्रक तिथे शेवटी आला. बारा मिळाला नाही. त्यांनी अंदाजाने वळण घेतलं, मग अंदाजाने आणखी एक. दुपारी हॉलंड घरून चाललेल्या कामाच्या कॉलवरून उठला, बाबांची खोली रिकामी दिसली, आणि तो सायकल घेऊन निघाला.

बाबा त्याला वस्तीच्या पार टोकाला, अर्धवट बांधलेल्या घरांमध्ये, विटांच्या थप्पीवर बसलेले सापडले. पाऊस लागून गेला होता. त्यांच्या हातावरची शाई ओघळून मनगटापर्यंत आली होती.

"खांब नव्हता," बाबा म्हणाले.

हॉलंडने त्यांना सायकलच्या कॅरियरवर बसवलं. मग हँडलला वर्षानुवर्षं लटकणारं ते हेल्मेट काढलं, बाबांच्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखालचा पट्टा नीट लावला. मी संध्याकाळी आले तेव्हा बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. हेल्मेट काढायचं राहिलं होतं.

शनिवारी संघाची झूमवर मीटिंग होती. मी माझ्या खोलीतून आले, हॉलंड त्याच्या खोलीतून. अध्यक्ष म्हणाले की सर्वांच्या भावनांचा त्यांना आदर आहे, पण त्यांनी फक्त प्रोसेस फॉलो केली. मग हॉलंड बोलायला लागला. भिंतीपलीकडून मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"प्रोसेस? एक म्हातारा माणूस पावसात विटांवर बसला होता ती कुठली प्रोसेस? तुमच्या मांडवाला परवाना असतो का? तुम्ही गळ्यात पट्टा घालून स्वयंपाकघरात बसता, तुम्हाला हरवायची भीती वाटते का?"

आयुष्यात मी इतकं मुद्देसूद भाषण ऐकलं नाही. स्क्रीनवर मात्र तो मुकाट्याने तोंड हलवत होता, कारण त्याने माइक चालू केलाच नव्हता. मी दार ठोठावून सांगेपर्यंत अध्यक्ष म्हणाले, "थँक यू फॉर युअर इनपुट," आणि कचऱ्याच्या डब्यांचा विषय घेतला.

दोन दिवस तो जेवला नाही, नुसता घरभर फिरला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात म्हणाला, "रस्त्यावरचं काढू शकतात. लोकांच्या खिडकीतलं नाही काढू शकत." म्हणजे प्रत्येक फाट्यावरच्या घराने नंबर आपल्या खिडकीत लावायचा. पाट्या रात्रीतून तयार झाल्या. अडचण एवढीच होती की आता लोकांना विचारावं लागणार होतं. आणि ज्यांना विचारायचं, त्यांच्यापैकी बहुतेकांवर तो कधी ना कधी ओरडलेला होता.

पाट्या आठवडाभर गॅरेजमध्ये पडून राहिल्या. तो रोज त्या पुसायचा.

"काय झालं त्या पाट्यांचं?" बाबांनी एका सकाळी विचारलं. खुर्ची त्यांनी वळवली नव्हती, पण विचारलं.

"मला बोलता येत नाही लोकांशी," हॉलंड म्हणाला. हे तो चिडूनच म्हणाला.

बाबा उठले. "तुम्ही पाट्या धरा. तोंड उघडू नका. खात्यात मी नळपट्टी मागायला जायचो, मला सवय आहे."

व्यायामाला दोघांनी जायची परवानगी होती, कुणाच्या दारात उभं राहायची नव्हती. म्हणून दोघं फुटपाथवर, मास्क लावून, मध्ये सायकल आडवी धरून, व्यायाम मोडू नये म्हणून जागच्या जागी पाय उचलत बोलायचे. त्या रविवारी मी मागे काही अंतर ठेवून चालले होते, कारण तिसऱ्या माणसाला परवानगी नव्हती.

आजी ऐकून घेऊन म्हणाल्या, "लावते. पण दोरा बांधणार."

बाबांनी हॉलंडकडे बघितलं. हॉलंड पाय उचलत राहिला. "बांधा," तो म्हणाला. "नंबरवर कुंकू नको. कडेला."

सगळे झाले, राहिला एकाहत्तर. तो कोपरा अध्यक्षांचा. त्याच्यावाचून बारा आणि नऊ जुळत नव्हते. अध्यक्ष गळ्यातल्या ओळखपत्रासकट बाहेर आले.

"काका, माझा पर्सनली विरोध नाही," ते म्हणाले. "पण हे कमिटीसमोर यायला हवं. नेक्स्ट मंथ."

"साहेब," बाबा म्हणाले, "मी चुकलो तो इथेच. तुमच्या या पत्रपेटीशी उभा होतो बराच वेळ. आत तुमचा दिवा लागलेला होता. मला वाटलं विचारावं. पण मागच्या वेळी दाराशी गेलो होतो तर पोलीस आले. म्हणून डावीकडे वळलो."

अध्यक्षांनी ओळखपत्र उलटं-सुलटं केलं. "आय अंडरस्टँड, पण एक प्रोसेस..."

वरची खिडकी उघडली. अध्यक्षांच्या आई. त्याही बाबांसारख्याच जानेवारीत येऊन अडकलेल्या.

"कितवा तो? एकाहत्तर ना? द्या इकडे वर. रोज त्या नंबरावरून मी कालव्याला जात होते, याला काय माहिती."

"आई, प्लीज. कमिटीला..."

"तू कमिटीला विचार. ती खिडकी माझ्या खोलीची आहे."

हॉलंडने सायकल स्टँडला लावली, तिच्या कॅरियरवर चढला आणि पाटी वर दिली. खाली उतरल्यावर त्याने अध्यक्षांना काहीतरी सुनवायला तोंड उघडलं. बाबांनी नुसतं बोट वर केलं. त्याने तोंड मिटलं. माझ्या माहितीत हे एकदाच घडलं.

बाबा त्यानंतर दररोज फिरले. नियम सुटले, वसंत आला, आणि त्यांचे रस्त्यावरचे वाद सुरू झाले, बहुतेक हॉलंडशीच, बहुतेक नंबर ओळीने असावेत की नाही यावर. पुढच्या वर्षी त्यांना विमान मिळालं. निघताना त्यांनी हॉलंडला नमस्कार केला. हॉलंडने हात पुढे केला, कारण हॉलंडमध्ये हात मिळवतात. दोघंही मध्येच थांबले, आणि बाबा गाडीत बसले. फलटणला पोचल्यावर त्यांनी केलेल्या पहिल्या फोनवर ते सव्वा तास बोलले. मला एकही शब्द मध्ये घालता आला नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. हॉलंड समोर बसून टोस्टला चीज लावत होता, आणि ते त्याला इतक्या वेळा लावून झालं होतं की टोस्ट दिसत नव्हता.

दोन वर्षांनी लॅबच्या कामाने मला ॲमस्टरडॅमला जायला मिळालं. जोडून रजा घेतली, एका खेड्यातून सायकल भाड्याने घेतली आणि हँडलला नंबरांचा कागद लावून निघाले. बांध होता, गाई खालीच होत्या, घंटा वाजवल्यावर नावाडी सावकाश आला. मनोरा जवळ येत नव्हता. दोन दिवस फिरले. कुणालाही काही विचारावं लागलं नाही. त्याने सांगितलेली एकही गोष्ट खोटी नव्हती, आणि एका फाट्यावर, खांबाशी, मला सायकल थांबवून थोडा वेळ उभं राहावं लागलं.

सायकल परत करताना दुकानातल्या बाईला मी म्हटलं की नंबरांची ही तुमची पद्धत म्हणजे डच लोकांनी जगाला दिलेली फार मोठी देणगी आहे. ती सायकलची साखळी तपासत होती. ती म्हणाली, ही पद्धत आमची नाही. बेल्जियमची आहे.